निपाणीची मिरची आणि आक्काचा डावा डोळा

निपाणी

निपाणीच्या स्टँडवर उतरलं की पहिली शिंक तंबाखूची येते आणि दुसरी मिरचीची. तिसरी आली की समजावं, आक्काचं घर जवळ आलं. रिक्षावाल्याला मी पत्ता सांगायला लागले तर तो म्हणाला, "आप्पांच्या कांडपाकडं न्हवं? नाकानं जाऊया की." आणि खरोखर, हॉर्न एकदाही न वाजवता नुसत्या शिंका देत आम्ही पोचलो.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. या भावंडांचं मूळ गाव जांबोटी, बेळगावच्या पलीकडे जंगलात. आक्का लग्न होऊन निपाणीत आली, आणि तिचा धाकटा भाऊ नोकरीच्या निमित्ताने जळगावला येऊन माझ्या पदरात पडला. मी तिथल्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, म्हणजे फक्त घरातल्यांना शिकवते. आप्पा हे आक्काचे यजमान. त्यांचा मिरची कांडून देण्याचा व्यवसाय आहे आणि घर दुकानाला चिकटून आहे.

या प्रवासाला मी हौसेने निघाले नव्हते. आक्काचा फोन आला होता. ती फोनवर इकडचं तिकडचं बोलणारी बाई नाही. म्हणाली, "सुमे, बेळगावात एक मशीन हाय म्हणं. डोळ्यातल्या बारीक बारीक शिरा दिसत्यात, कापाकापी न करता. तू पेशी-बिशी शिकवलीस न्हवं? तू ये, तू बघ, आणि काय दिसंल ते मला खरं सांग." आमच्या ह्यांच्या गुडघ्यांनी सध्या संप पुकारलाय, त्यामुळे मी एकटीच निघाले. जळगाव ते कोल्हापूर हा प्रवास सांगण्यासारखा नाही, सोसण्यासारखा आहे. म्हणून तो सोडून देते.

एप्रिल-मे म्हणजे या भागात वर्षाची चटणी करायचे दिवस. चटणी म्हणजे आपली ताटातली डावीकडची नव्हे. इथे चटणी म्हणजे लाल तिखट, मसाला, वर्षभराचा संसार. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, आणि ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे थोडी लवंगी. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे सगळं घरून भाजून डब्यात घेऊन बायका येतात आणि रांगेत बसून राहतात. डंकाची लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली होत असतात, जमीन हादरत असते, आणि प्रत्येक बाई आपल्या उखळावर डोळा ठेवून असते की शेजारणीची चिमूट आपल्यात पडू नये. तयार झालेली पहिली चटणी रांगेतल्या सगळ्याजणींनी भाकरीच्या तुकड्यावर चाखायची, ही तिथली पद्धत. नावं ठेवायची परवानगी असते. आमच्याकडे जळगावात भरताला नाव ठेवलं तर लग्न मोडेल. इथे एकीने दुसरीच्या तोंडावर "मीठ लई पडलंय गं" म्हटलं आणि तिनेही "व्हय व्हय" म्हणून घेतलं.

दुकानाचा एक नियम आहे: डोळ्याला हात लावायचा न्हाय. पापण्यांना खोबरेल तेल लावून बसायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. मला तो नियम सांगितला गेला, मी मान हलवली, आणि दुसऱ्या मिनिटाला घाम पुसला. मग जे झालं ते माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं नाही हे बरं. बायका ओरडल्या, "येणीचा शेंडा फिरवा डोळ्यावरनं, येणीचा शेंडा!" हा त्यांचा हमखास उपाय. पण माझे केस मानेपर्यंतच. एका भल्या बाईने स्वतःची वेणी पुढे केली आणि मी परक्या बाईच्या वेणीने डोळे पुसत बसले. सगळं दुकान हसलं, आप्पा तर डंक बंद करून हसले.

थोड्या वेळात माझे डोळे निवले. आत जाऊन तोंड धुतलं तेव्हा आक्का मोरीपाशी उभी होती. पदराचा ओला कोपरा डाव्या डोळ्यावर धरलेला. ती म्हणाली, "तुझं थांबलं बघ. माझं थांबत न्हाय."

आता हे नीट सांगायला हवं. आक्काचा डावा डोळा दोनेक वर्षं जळत होता. बारा महिने, दिवसभर, जणू आत्ताच मिरची उडाली आहे. पंख्याचा वारा लागला की जास्त, बसच्या खिडकीशी बसलं की जास्त, सकाळी डोळा उघडला की सगळ्यात जास्त. पण ज्या घरात उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत मिरची उडते, तिथे डोळा जळतो म्हणणाऱ्या बाईकडे कोण लक्ष देणार? तिची बसायची गादी अशी होती की डंक डाव्या अंगाला यायचा. म्हणून डावा डोळा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आप्पा काही दुष्ट माणूस नाहीत. त्यांनी गादी उचलून दुसऱ्या बाजूला घातली. जळणं डावीकडेच राहिलं. मग महिनाभर तिला माहेरी जांबोटीला पाठवलं, जिथे मिरचीचा कण नाही. तरी जळतच होतं. निपाणीतल्या, मग संकेश्वरच्या, मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बॅटऱ्या मारून पाहिलं. नजर चांगली, बुब्बुळ स्वच्छ, डोळ्यात काही नाही.

"काय न्हाय" हे शब्द त्या घरात हळूहळू फर्निचरसारखे कायमचे होऊन बसले. पहिल्यांदा ते आनंदाने म्हटले गेले असतील. नंतर आप्पा थकून म्हणायला लागले आणि शेवटी चिडून. मी गेले त्या दुपारी जेवताना उकडत होतं म्हणून आप्पांनी पंखा लावला. आक्का ताट उचलून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली. आप्पा मला म्हणाले, "बघा बाई. पंख्यानं कुनाचा डोळा जळतोय व्हय? चार डॉक्टर सांगत्यात काय न्हाय. मनाचा खेळ हाय सगळा." मग जरा आवाज उतरवून, "जेवा तुम्ही. खर्डा घ्या."

खर्डा फार चांगला होता. पण मी तो दुसऱ्यांदा घेतला नाही.

संध्याकाळी आक्का माझ्याशेजारी येऊन बसली. ती दुकानाच्या गादीवर बसायची बंद झाली होती, आणि गिऱ्हाइकं म्हणत की आक्काला आता मिजास आलीय. तिने मला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत देते. "सुमे, मशीनला खोटं सांगता येत न्हाय म्हणत्यात. त्या मशीननं पण काय न्हाय म्हटलं, तर मग मीच खोटी. मग मी कुनाला काय सांगू? मलाच कळंना झालंय, जळतंय का मला नुसतं वाटतंय." तिची भीती आंधळं होण्याची नव्हतीच. खोटी ठरण्याची होती.

बेळगावच्या वाटेवर

सकाळी आम्ही तिघं लाल बसने निघालो. तवंदी घाट चढताना मागे निपाणी आणि तंबाखूच्या वखारी खाली राहतात आणि वारा एकदम निवळतो. पाट्यांवरची अक्षरं कानडी. आप्पा ती वाचून मला मराठीत सांगत होते, कंडक्टरशी कानडीत हुज्जत घालत होते, आणि शेजारच्या ट्रकवाल्या पोराशी हिंदीत बोलत होते, आणि यात आपण काही विशेष करतोय असं त्यांच्या गावीही नव्हतं. मी जळगावात पन्नाशी ओलांडली तरी अहिराणीत नीट भांडू शकत नाही.

आक्काने डोक्यावरून पदर घेऊन डावी बाजू झाकली होती. खिडकी लावायला मी उठले तर मागच्या सीटवरचा माणूस "उकडतंय की ओ" म्हणाला. आक्काने माझा हात धरला. "राहू दे. कुनाला काय सांगायचं?"

वंटमुरीचा घाट उतरून काकतीजवळ आलो की बेळगावची हवा लागते. मेमध्येही गार. आमच्याकडच्या मेपुढे तर ही थंडीच. स्टँडवर उतरल्याबरोबर आप्पांनी आम्हांला कुंदा खाऊ घातला. दवाखान्यात जाण्याआधी गोड खायचं, का ते विचारायचं नाही.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आम्हांला तपासणारी डॉक्टर तिशीतली, खानापूरकडच्या शेतकरी घरातली मुलगी होती. बाहेरच्या नर्सशी कानडी, आमच्याशी आक्काच्या माहेरचीच मराठी. तिने आधी सगळे जुने कागद बाजूला ठेवले आणि आक्काच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग बोट न लावता डाव्या भुवईच्या वर दाखवून म्हणाली, "आक्का, हितं कपाळाला हे डाग कसले?"

आक्काने पदर कपाळावर ओढला. आप्पांनी छताकडे पाहिलं.

मला काहीच कळेना. मी म्हटलं, "सांगा की."

डॉक्टरने मला हाताने थांबवलं. आक्काकडे झुकून म्हणाली, "नाव घेऊ नका. आमच्या घरातबी घेत न्हाईत. नुसती मान हलवा. फोड आलते? एकाच अंगाला? आग आग व्हायची?"

आक्काने तीन वेळा मान हलवली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नागीण. आक्काला दोन वर्षांपूर्वी कपाळावर नागीण उठली होती, लेप लावून ती बरी झाली. आणि त्यांच्याकडची रीत अशी की गेलेल्या नागिणीचं पुन्हा नाव काढायचं नाही, काढलं तर ती परतते. घरात नाही, पाहुण्यांत नाही, आणि डॉक्टरने "पूर्वी काही आजार?" विचारलं तरी नाही. सगळ्या डॉक्टरांना उत्तर मिळालं होतं, काय न्हाय. मला तर फोनवर "अंगावर काय तरी उठलंतं" एवढंच कळलं होतं. मी खुर्चीत बसल्याबसल्या चिडले. मग आक्काचा चेहरा पाहिला आणि राग गेला. दोन वर्षं तिने ते नाव गिळून ठेवलं होतं, घरच्यांचं भलं व्हावं म्हणून.

अंधाऱ्या खोलीत

आता मी जे पाहिलं ते सांगायचंय, आणि ते मला जमेल की नाही कोण जाणे.

मी हजारो मुलांना पेशी दाखवली असेल. कांदा कापायचा, चिमट्याने त्याचा पापुद्रा काढायचा, काचपट्टीवर ठेवायचा, लाल रंगाचा थेंब, वर झाकणकाच. मुलं एक डोळा मिटून बघतात आणि "दिसली बाई!" म्हणून ओरडतात. पण ती पेशी मेलेली असते. मी आयुष्यभर जे दाखवलं ते कापून, रंगवून, मारून दाखवलं. चेतातंतू तर फळ्यावर खडूने काढायचा. तो जिवंत माणसात, जागेवर, काम करताना दिसेल हे मी कधी मनातही आणलं नव्हतं.

आधी एक साधी तपासणी झाली. आक्काने हनुवटी टेकली, एका हिरव्या खुणेकडे पाहिलं, यंत्राने तिला स्पर्शही केला नाही, आणि पडद्यावर डोळ्याच्या मागच्या पडद्याचा उभा छेद आला. छेद म्हणायचा, पण छेदलं काहीच नव्हतं, नुसता प्रकाश आत जाऊन परत आला होता. एकावर एक पातळ थर, बेळगावच्या मांड्याची घडी बाजूने पाहावी तसे. मी शाळेत हे थर पाठ करून घेतले होते. इथे ते आक्काचे होते, आणि सगळे ठीक होते. आप्पा म्हणाले, "म्हणजे काय न्हाय." डॉक्टर म्हणाली, "थांबा आप्पा. आपल्याला पुढचं बघायचंय, डोळ्याची काच."

ही काच म्हणजे पारपटल, बुब्बुळावरचं पारदर्शक आवरण. अर्ध्या मिलिमीटरएवढं जाड. नुसत्या डोळ्यांना त्यात काहीच दिसत नाही, दिसू नये म्हणूनच ते पारदर्शक असतं. दुसऱ्या यंत्राची भिंग लावलेली नळी या काचेला, मधे चिकट जेलचा थेंब ठेवून, अगदी अलगद टेकते. त्यासाठी आधी डोळा बधिर करावा लागतो. डॉक्टरने बधिर करणारा थेंब उजव्या डोळ्यात टाकला, मग डाव्यात.

आक्का एकदम ताठ बसली.

"काय झालं आक्का?" डॉक्टरने विचारलं. "झोंबलं?"

आक्काने हात पुढे केला. माझा हात शोधला आणि घट्ट धरला. मग म्हणाली, "सुमे, एसी चालू हाय काय गं?"

"हो, केव्हापासून."

"वारं लागतंय. तोंडाला गार लागतंय."

डॉक्टर तिच्याजवळ गेली. "आणि जळतंय?"

"न्हाय." आक्का हळूच म्हणाली. "आता काय न्हाय."

त्या घरातले नकोसे झालेले ते दोन शब्द मी पहिल्यांदा सुखाने उच्चारलेले ऐकले. आक्काच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं, मग डाव्यातून. ती घाईने म्हणाली, "रडत न्हाय मी. फोटो खराब हुईल." डॉक्टर मात्र हसत होती. तिने आम्हांला सांगितलं की वरच्या नसा झोपवल्याबरोबर आग थांबली, म्हणजे आग तिथलीच आहे, मनातली नाही. फोटो काढण्याआधीच निम्मा निकाल लागला होता.

आक्काने लगेच विचारलं, "मग हाच थेंब द्या की घरी. कितीबी पैसे घ्या." डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. हा थेंब रोज घातला तर काचच खराब होते, तो फक्त इथेच. आक्काने ते समजूतदारपणे ऐकलं, पण डोळे मिटून घेतले. बधिरपणा जाईपर्यंतची ती मिनिटं तिला पुरवून पुरवून वापरायची होती असं मला वाटलं.

मग उजवा डोळा. दिवे मालवले, तांबडा उजेड दिसला, आणि पडद्यावर करडी हलती चित्रं आली. डॉक्टर चकती फिरवत होती तसं आम्ही आत आत उतरत होतो. आधी वरच्या पेशी, एकमेकींना चिकटून बसलेल्या, प्रत्येकीची कड उजळ. माझ्या तोंडून निघालंच, "दिसली!" आप्पा दचकले. तळाशी गेलो तर षटकोनी पेशींची फरशी, इतकी नेमकी की गवंड्याने सूत धरून बसवली असावी. मग डॉक्टर थोडी वर आली आणि म्हणाली, "आता बघा."

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे धागे. लांब, सरळ, एकमेकांना समांतर, मधे कुठे एखादा फाटा फुटून दुसऱ्याला मिळालेला. आक्काचा श्वास हलला की ते धागे किंचित सरकत. हे चेतातंतू होते. आत्ता, या क्षणी, याच धाग्यांवरून काहीतरी आक्काच्या मेंदूकडे निघालं होतं आणि मी ते धागे बघत होते. कुणी काही कापलं नव्हतं, रंग लावला नव्हता, आणि जिचे ते होते ती बाई माझा हात धरून बसली होती. माझ्या अंगावर काटा आला. देवळात माझा हात आपोआप जोडला जात नाही, मी तशी कोरडी बाई. तिथे जोडला गेला.

"आता डावा," डॉक्टर म्हणाली.

पडदा काळा झाला. मला वाटलं यंत्र बंद पडलं. डॉक्टर चकती फिरवत राहिली, जागा बदलत राहिली. मग एका कोपऱ्यात एक धागा आला, वाकडातिकडा, मण्यांसारख्या गाठी पडलेला, आणि मधेच तुटला. तुटल्या टोकाला फुगीर गोळा. पुढे आणखी एक, तसाच. बाकी सगळा अंधार. जिथे उजवीकडे पेरलेल्या रांगा होत्या तिथे डावीकडे पडीक रान.

आक्काला पडदा दिसत नव्हता. तिने विचारलं, "सुमे, काय दिसतंय? खरं सांग."

मी म्हटलं, "आक्का, तुझ्या डाव्या डोळ्यातल्या नसा तुटल्यात. मला दिसतायत. आप्पांनापण दिसतायत."

आक्काने एक लांब श्वास सोडला. डॉक्टर तिला "हलू नका हं" म्हणाली नाही, एवढं मला आठवतं.

आप्पा पडद्याजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. "परत एकदा उजवा दाखवा," म्हणाले. तो पाहिला. "आता डावा." तोही पाहिला. मग ते यंत्रवाला माणूस म्हणून अडून बसले. "पन मॅडम, वायर तुटली की मोटर बंद पडती. जळायचं कसं मग?"

डॉक्टर काही म्हणायच्या आत त्यांचं त्यांनाच उमगलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. "अर्धवट तुटली आसंल," ते स्वतःशीच म्हणाले. "अर्धवट तुटली की ठिणग्या टाकती. आपल्या डंकाची टाकत हुती तशी." डॉक्टर म्हणाली, "तसंच समजा. नागि..." आणि थांबली. "त्या आजारानं नसा खाल्ल्या. ज्या उरल्यात त्या खोट्या बातम्या पाठवत्यात. मिरचीचा ह्यात काय संबंध न्हाय."

आप्पा बायकोकडे वळले. चष्मा काढून खिशात ठेवला. शेवटी म्हणाले, "चहा घेतीस काय?"

आक्का म्हणाली, "घेते की." आणि हसली. डोळ्यातल्या नसा तुटल्याची बातमी ऐकून इतकं आनंदाने हसलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

जांबोटी

उपाय ऐकून मी पुन्हा थक्क झाले. आक्काचं स्वतःचं रक्त काढायचं, गोठू द्यायचं, यंत्रात फिरवून वर येणारं पिवळसर पाणी वेगळं करायचं, सलाइनमध्ये मिसळायचं, आणि तेच थेंब डोळ्यात घालायचे. नसांना वाढायला लागतं ते त्यात असतं. डॉक्टरने खोटी आशा दाखवली नाही. महिने लागतील, काही धागे येतील, काही येणार नाहीत, आग पूर्ण जाईलच असं नाही. थेंब तयार व्हायला थोडा अवधी लागणार होता. मग परत निपाणीला जाऊन येण्यापेक्षा आम्ही जांबोटीला गेलो.

पिरनवाडी मागे पडली की रस्ता झाडीत शिरतो आणि डोळ्यांना दुसरं काही सुचत नाही. भातखाचरं उन्हाळ्याची मोकळी पडलेली, त्यात गुरं, आणि पलीकडे डोंगरच डोंगर. बस आम्हांला फाट्यावर सोडून गेली, पुढे पायपीट. वाटेत करवंदांच्या जाळ्या. जळगावात मी करवंदं पाटीवर विकत घेते, इथे आप्पांनी शर्टाची ओटी करून तोडली आणि शर्टाचं वाटोळं केलं. त्यावरून आक्का त्यांना इतकं बोलली की मला कळलं, ती बरी व्हायला लागली आहे.

घरी आता आक्काची एक चुलत वहिनी आणि गुरं. फणसाची भाजी आणि उकड्या तांदळाचा भात झाला. जेवणानंतर आक्का मला गोठ्याच्या मागे घेऊन गेली. तिथे भिंतीचा एक आडोसा आहे. "महिनाभर मी हितं बसायची," ती म्हणाली. "हितं वारं येत न्हाय. वहिनी म्हणायची, घर सोडून शेणात काय बसलीस. मी तिला कसं सांगू?"

मी विचारलं, "तेव्हा तुला काय वाटायचं?"

"वाटायचं, डोळाच काढून टाकावा. मग निदान लोक म्हणतील, हिला डोळा न्हाय. दिसंल तरी."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिच्याशेजारी त्या आडोशाला बसून राहिले.

परत निपाणी

थेंबांच्या बारक्या बाटल्या बर्फात ठेवून न्यायच्या होत्या. दवाखान्याने दोन्ही डोळ्यांचे फोटो आणि थर्मोकोलची पेटी दिली. बसमध्ये ती आप्पांनी मांडीवर घेतली आणि कुंद्याचा पुडा माझ्या मांडीवर दिला. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बर्फ आहे ना बघायचे, आणि त्या उघडण्यानेच तो वितळला. संकेश्वरला बस थांबल्यावर ते पेटी घेऊन उतरले ते थेट रसवंतीवर. रसवाला बर्फ फोडता फोडता म्हणाला, "काय मासळी हाय काय आप्पा?"

"मासळी न्हवं रं," आप्पा म्हणाले. "हिच्या रक्ताचं औषध हाय. डोळ्याच्या नसा तुटल्यात हिच्या. फोटो हाय माझ्याकडं, बघतोस?"

आणि कंडक्टर शिट्टी मारत असताना त्यांनी त्या रसवाल्याला दोन्ही फोटो दाखवले. आक्का खिडकीच्या काचेतून बघत होती. यावेळी तिच्या बाजूची खिडकी बंद होती. मागून कुणी काही म्हणायच्या आत आप्पांनी ती स्वतः लावली होती.

घरी आल्यावर फोटो दुकानाच्या भिंतीवर गेले, देवीच्या तसबिरीखाली. दुसऱ्या दिवशी डंक सुरू झाला, बायका रांगेत बसल्या आणि प्रत्येकीला आप्पांनी बोट ठेवून दाखवलं, हा उजवा, हा डावा. ज्या बायकांना शेजारणीच्या चटणीतलं मीठ कळतं त्यांना हे कळायला काय वेळ लागतो! त्या पुढे वाकून बघत राहिल्या. एक म्हणाली, "अगंबाई, हे घेऊन बसत हुती व्हय ही एवढे दिवस?"

आक्का आतून आली आणि गादीवर बसली. जळत होतं का? होतंच, तिने मला तसं सांगितलं. थेंब सुरू होऊन एकच दिवस झाला होता.

माझ्या निघायच्या दुपारी भयंकर उकडत होतं. आम्ही जेवायला बसलो. चटणी कांडायला आलेली एक म्हातारी पाणी प्यायला आत आली आणि "काय उकडतंय गं बाई" म्हणत तिने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे मावशी," आप्पा ताटावरून मान वर न करता म्हणाले. "तिच्या डोळ्याला लागतंय."

आक्काचा हात भाकरीवर थांबला. ती वर बघत नव्हती, पण मी बघत होते. मग तिने भाकरी मोडली आणि आमच्यात बसूनच जेवली. घाम माझ्या मानेवरून पाठीत उतरत होता. मी जळगावची बाई, उकाड्याला काय घाबरते! बंद पंख्याखाली बसून मी आणखी एक भाकरी मागून घेतली.